मोजलेली हवा

गाडीकडे पाठ करून उभा राहणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. बॉनेट उघडलेलं, इंजिन चालू, मालक, गिऱ्हाईक आणि आम्ही चौघे-पाचजण गाडीत डोकं घालून उभे, आणि काका मात्र भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखे. नवीन गिऱ्हाईक आमच्याकडे बघायचं, आम्ही वर आढ्याकडे बघायचो. पाच मिनिटांनी काका वळायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर असायचं. दहाव्या वेळी ते म्हणायचे, "उद्या सांगतो," आणि उद्या बरोबर सांगायचे. पाठ का करता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, तोंड बघितलं की माणूस फसतो.

त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी वापरत नव्हतं, म्हणून मीही इथं लिहीत नाही. आम्हाला ते काका होते आणि आता त्यांच्याविषयी लिहायला बसलोय तर मला उत्साह वगैरे काही नाही. हे बरेच दिवस टाळलं होतं. आता टाळायचाही कंटाळा आलाय.

ऐंशीच्या दशकाची मधली आणि शेवटची वर्षं. साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत आमच्या मालकाचा गाळा होता. काम टर्बोचं. ट्रकचे टर्बो, जनरेटरचे टर्बो, मच्छीमार बोटींचे टर्बो. मी टर्नर, आयटीआय झालेला, लेथवर. वय अठ्ठावीस, राहायला मालाडला, आणि स्वतःच्या हाताबद्दल बऱ्यापैकी गर्व. काका मूळचे मालवणकडचे, परळच्या एका गिरणीत बावीस वर्षं बॉयलरवर होते. संप झाला, गिरणीचं दार पुन्हा उघडलं नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस साकीनाक्याला आला. वाफ आणि दाब याखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं. आमच्या मालकाला टर्बो बांधणारे मिळत होते, दाब कळणारा मिळत नव्हता, म्हणून त्याने त्यांना ठेवून घेतलं आणि वर्षभरात गाळ्याचा मुख्य करून टाकलं.

गिरणी सुटली तरी त्यांचं घड्याळ सुटलं नव्हतं. अकराच्या ठोक्याला डबा. साकीनाक्याला भोंगा नव्हता, काकांच्या हातात घड्याळ नव्हतं, तरी अकरा वाजता ते हातातला पाना जिथं असेल तिथं ठेवून उठायचे. एकदा ते गाडीखाली होते आणि गिअरबॉक्स आम्ही दोघांनी छातीवर धरल्यासारखा वर धरला होता. अकरा वाजले. काका निघाले. आम्ही पंचवीस मिनिटं तसेच उभे होतो, आणि ते आमच्या समोर बसून शांतपणे बांगडा खात होते. परत आल्यावर एवढंच म्हणाले की हात बरे आहेत तुमचे.

आपण दुरुस्त केलेल्या गाडीत ते कधी बसले नाहीत. चाचणी घ्यायची त्यांची स्वतःची रीत होती. वसाहतीच्या कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी खडूने एक उभी रेघ ओढली होती. पाऊस पडला की पुसली जायची, पाऊस थांबला की काका पुन्हा ओढायचे. गाडी लांबून भरधाव आणायची आणि रेघेपाशी आली की झटकन रेस सोडायची. काका पलीकडे पाण्याच्या टाकीजवळ अर्थातच पाठ करून उभे. टर्बोच्या गाडीत खरी गंमत रेस देताना नसते, सोडताना असते. टर्बो म्हणजे एक पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. तुम्ही पाय काढलात की इंजिनाचं दार बंद होतं, पण पंखा थांबत नाही. कोंबलेली हवा बंद दारावर आपटते आणि उलटी येऊन पंख्याच्या पात्यांवर बसते. फडफड ऐकू येते. असं रोज झालं की पंखा मरतो. म्हणून मध्ये एक व्हॉल्व्ह बसवतात. पाय काढला की तो उघडतो आणि हवेला वाट देतो.

ट्रकला असलं काही लागत नाही. हे लागायचं परदेशी मोटारींना, आणि त्या तेव्हा मुंबईत बोटावर मोजण्याइतक्या. बिल्डर, सिनेमावाले, एखादा बोटीवरचा कप्तान. त्यांचा मूळचा व्हॉल्व्ह आपल्या उन्हात दोन वर्षांत जायचा, आतला रबरी पडदा फाटायचा, आणि सुटा भाग मिळायचा नाही. मग काका तो बनवायचे. म्हणजे काका सांगायचे, बनवायचो मी. ॲल्युमिनियमचं अंग लेथवर मी काढायचो. पडदा छापखान्यातल्या जुन्या रबरी ब्लँकेटचा कापायचो, कारण ते तेलाला दाद देत नाही, ही काकांची अक्कल. स्प्रिंगची ताकद मोजायला ते नाक्यावरच्या भाजीवाल्याचा तराजू वापरायचे. अडीच किलोला अर्धा इंच दबली तर चांगली. भाजीवाला कुरकुरायचा की माझी कोथिंबीर काळी करता, पण तराजू द्यायचा.

गिऱ्हाईक कोणाचे आभार मानायचं? काकांचे. काकांनी कान लावला म्हणून गाडी वाचली. त्या व्हॉल्व्हच्या कडांची धार मी कानशीने इतकी बारीक मोडायचो की बोट फिरवलं तर साबणाची वडी वाटावी. ते कोणी बघत नव्हतं. मी हे तेव्हा बोललो नाही, पण पाच वर्षं पोटात ठेवलं. पुढं जे झालं त्याला हेच कारण, दुसरं काही नाही.

या व्हॉल्व्हच्या तोंडाला काका नेहमी एक पाइप जोडायचे आणि तो टर्बोच्या अलीकडे परत न्यायचे. सुटलेली हवा फिरून आत. आवाज काही नाही, फार तर एक उसासा. गिऱ्हाइकांना हे आवडायचं नाही. त्यांना पाइप नको असायचा. उघड्या तोंडातून हवा सोडली की फुस्स असा मोठा आवाज येतो, रस्त्यावरची माणसं वळून बघतात. काका सरळ नाही म्हणायचे. सिनेमातल्या एका नायकाच्या मेव्हण्याला ते म्हणाले होते, "शिट्टी पाहिजे तर घरी कुकर आहे ना?" मेव्हणा गेला तो परत आला नाही. मालकाने कपाळावर हात मारला.

नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते त्यांनी मला नीट समजावलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. काका एरवी आमच्याशी मुंबईची मराठी बोलायचे, पण गोष्ट मनापासूनची असली की मालवणीत शिरायचे. एका मोटारीच्या हवा ओढणाऱ्या नाकाशी असलेली झडप बोटाने हलवून दाखवत ते म्हणाले, "ही हवा हयसर मोजान घेतलेली आसा. तिच्या मापाचा पेट्रोल आत गेला. आता तू ती भायर सोडलंस, तर त्या पेट्रोलान काय करूचा?"

मी म्हटलं, धूर होईल.

"धूर व्हतलो, आणि इंजिन बसतला. ऐन पाय काढल्यार बसतला. मोजलेला भायर टाकूचा नाय, मेल्या."

सगळ्याच गाड्यांत असं नसतं. पण त्या काळातल्या ज्या गाड्या हवा अशी नाकाशी मोजून घेत, त्यांत असतंच.

सांताक्रूझच्या एका बिल्डरच्या मुलाकडे अशी एक जपानी गाडी होती. लाल, बुटकी. मुलगा पंचविशीचा, वाईट नव्हता, नुसता लाडावलेला होता. गाडी आणायचा-न्यायचा त्यांचा ड्रायव्हर साळवे. साळवे मुलुंडचा, मूळचा नगरकडचा, आमच्याच वयाचा, कपडे इस्त्रीचे, आणि काम होईपर्यंत आमच्या गाळ्यात पाटावर बसून पेपर वाचायचा, तोही पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याच्याशी माझी चहाची दोस्ती होती. गाडी चालवण्यात त्याचा हात सगळ्यात मऊ. काका चाचणीला आमच्यापैकी कोणाला न बसवता साळवेलाच बसवायचे. म्हणायचे, ह्याचा पाय खोटं बोलत नाही.

काकांनी त्या गाडीला व्हॉल्व्ह बसवला, पाइपसकट. मुलगा दोन दिवसांनी तणतणत आला, की आवाज कुठाय. त्याने कुठल्याशा व्हिडिओ कॅसेटमध्ये ऐकला होता. काकांनी नाही म्हटलं. मालकाने त्यांना आत बोलावलं आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की यापुढे एक जरी गिऱ्हाईक तोंड पाडून गेलं तर तुमची वाट वेगळी. काका बाहेर आले, कापसाच्या बोळ्याने हात पुसले आणि कामाला लागले. त्या वयात, त्या एकाच कामावर घर चालत असताना, त्या माणसाला किती लागलं असेल याचा मी त्या दिवशी विचार केला नाही.

रविवारी काकांची सुट्टी असायची. मी ओव्हरटाइमला होतो. मुलगा गाडी घेऊन आला आणि सरळ माझ्या लेथपाशी उभा राहिला. म्हणाला, बॉस, खरा कारागीर तू आहेस, म्हातारा नुसता कान लावतो. हे वाक्य मी पाच वर्षं कोणाच्या तरी तोंडून ऐकायला बसलो होतो.

तासाभरात काम केलं. पाइप काढला, त्याचं परतीचं भोक बुचाने बंद केलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर एक पसरट कर्णा लेथवर काढून बसवला. कडा अगदी बारीक मोडल्या. गाडी चालू केली, रेस दिली, सोडली. काय आवाज होता. शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. मुलगा झकास म्हणाला आणि मला मिठी मारली.

आणि त्याच वेळी मी पाहिलं की पाय काढल्यावर इंजिन दचकतंय. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली पडून कसाबसा सावरतोय, मागून काळा धूर. काका म्हणाले होते तसंच. मी काय केलं? आयडलिंगचा, म्हणजे पाय काढल्यावरच्या गतीचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवून इंजिन जरा चढं ठेवलं. दचकणं झाकलं गेलं. खडूच्या रेघेवरून गाडी मी नेलीच नाही, कारण तिथं ते उघडं पडलं असतं. एवढं मला कळत होतं. आपल्या धंद्यात याला सेटिंग म्हणतात, आणि मी ते केलं.

बुधवारी साळवे एकटाच ती गाडी घेऊन घाटकोपरकडे निघाला होता. असल्फाच्या उतारावर पुढे ट्रक उभा होता. साळवेने रेस सोडली, क्लच दाबला, आणि इंजिन बसलं. इंजिन बंद असलं की त्या गाड्यांचा ब्रेक एक-दोनदा लागतो, तिसऱ्यांदा पेडल दगड होतं. इंजिन बसल्यावर त्याने उतारावर दोनदा हलका ब्रेक मारला, कारण त्याचा पाय मऊ. तिसऱ्यांदा गाडी थांबली नाही. जीव वाचला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

गाडी ओढून आमच्याकडे आणली. काका पहिल्यांदाच गाडीकडे तोंड करून उभे राहिले, कारण ऐकायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी वाकड्या बॉनेटमधून हात घालून कर्णा काढला, आणि त्याच्या कडेवरून नख फिरवलं. एकदाच. माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेवढ्यानेच कळलं की त्यांना कळलंय.

मालक आणि बिल्डरचा मुलगा यांचं तोवर ठरलेलं होतं. ड्रायव्हर चुकला. मुलाला बापापासून कर्ण्याचं लपवायचं होतं, मालकाला धंदा राखायचा होता. आणि साळवेने इस्पितळात स्वतःच सांगितलं होतं की माझाच पाय चुकला, ब्रेकवर नीट बसला नाही. त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. गाडी गेल्याच आठवड्यात आमच्याकडून दुरुस्त होऊन गेली होती, नवा आवाजही काकांनीच करून दिला असं तो समजत होता, आणि काकांच्या कामावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

काका मालकाला म्हणाले, "ड्रायव्हरचा दोष नाही. व्हॉल्व्ह उघडा होता."

"कोणी उघडला?"

"मी नाही."

"मग कोणी?"

"ज्याने केलं तो इथंच आहे. तो सांगेल."

एवढं बोलून ते थांबले. आम्ही पाच जण होतो. लेथ बंद होता. मी हातातल्या कॅलिपरचा स्क्रू घट्ट करत होतो, सैल करत होतो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण काकांनी मला भरपूर वेळ दिला, हे मात्र सांगता येईल. त्यांनी खोटा दोष अंगावर घेतला नाही आणि माझं नावही घेतलं नाही. मला बोलायला जागा करून दिली आणि वाट पाहिली. मी बोललो नाही.

मालक शेवटी म्हणाला की मुख्य तुम्ही, गाळा तुमच्या ताब्यात, आणि वर ही कोडी घालताय. उद्यापासून येऊ नका. काकांनी डबा घेतला. पावणेअकरा वाजले होते. ते न जेवता गेले.

पुढचे आठ दिवस मला झोप लागली, जेवण गेलं, लेथ चालला. लोक म्हणतात की अशा वेळी अन्न गोड लागत नाही, पण लागतं. नवव्या दिवशी मात्र मी घाटकोपरला काकांकडे गेलो. डोंगरावरच्या वस्तीत त्यांची एक खोली होती, पायऱ्या चढून दम लागला. काका पायजमा-बनियनवर बसून मासळीच्या टोपलीची फाटलेली कड विणत होते. काकींनी चहा टाकला. शेजारच्या बाईला कौतुकाने म्हणाल्या की ह्यांच्या कारखान्यातला पोरगा चौकशीला आलाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकी बाहेर शेजारणीशी बोलत होत्या तेवढ्यात मी सगळं सांगितलं. कर्णा, बूच, स्क्रूचा अर्धा फेरा, रेघ टाळली तेही. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर मी सुटलो असतो. ते टोपली विणत राहिले. थकलेले दिसत होते, रागावलेले नाही. म्हणाले की गिरणी गेली तेव्हा वाटलं होतं, आता काय उरलं, मग हे मिळालं, आता हेही गेलं, चालायचंच. कुठंतरी लिफ्टवर माणूस पाहिजे आहे म्हणतात. मी म्हटलं, काका, मला माफ करा.

त्यांनी टोपली खाली ठेवली.

"माझ्याकडे कित्याक इलंस? माका म्हायत होता. जेका म्हायत नाय, तेका जावन सांग."

मी म्हटलं, तुम्ही सांगा ना साळवेला, तुमचं तो ऐकेल.

ते म्हणाले की ते दोनदा जाऊन आले, इस्पितळात एकदा आणि मुलुंडला घरी एकदा. साळवेने हात जोडले. त्याला वाटलं, म्हातारा आपली समजूत घालतोय. "तू सांग," काका म्हणाले. "तुझ्या हातचा काम आसा. तुझा तो मानतलो." मग टोपली पुन्हा उचलली. चहा झाला, काकींनी वाटीभर कुळथाचं पीठ बांधून दिलं, आणि मी उतरलो.

घाटकोपरहून मुलुंडला आग्रा रोडवरून बस जाते. ती उभी होती. जागाही होती. कंडक्टरने विचारलं, येणार का. मी म्हटलं, पुढच्या गाडीने. पुढची आली, तिलाही तेच म्हटलं. मग मी साकीनाक्याच्या बसने परत आलो. रविवारी जाऊ म्हटलं, मग गणपती झाले की जाऊ म्हटलं. काका लिफ्टवर लागले आणि चार वर्षांत गेले. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. काकींनी साळवेचं काही विचारलं नाही, त्यांना ते माहीत नसावं.

पुढं मी स्वतःचा लेथ टाकला. वीसेक वर्षांनी एके दिवशी एक तरुण मुलगा कारखान्यातल्या पंपाचा एक तुकडा करून घ्यायला आला. बिलावर नाव विचारलं तर साळवे, मुलुंड. मी ते लिहिलं आणि लेथकडे वळलो. जॉब होईपर्यंत तो स्टुलावर बसला आणि आपणहून बोलायला लागला, की माझे वडील पण साकीनाक्याला गाड्या घेऊन यायचे, परदेशी गाड्या चालवायचे, मोठा हात होता त्यांचा. मी विचारलं, आता काय करतात. म्हणाला, गेले दोन वर्षांपूर्वी. अपघातानंतर पुन्हा कधी गाडीवर बसले नाहीत, शाळेत शिपाई होते. कोणी कामाला बोलावलं तर म्हणायचे, नको, माझा पाय चुकतो. आईला रिक्षातून कुठं न्यायचं तरी स्वतः पुढं बसायचे नाहीत. शेवटच्या आजारपणात सुद्धा तेच बडबडायचे, माझा पाय चुकला.

तुकडा तयार होता. मी त्याची कड मोडली, पुसून त्याच्या हातात दिला.

"तुमचे वडील फार चांगले ड्रायव्हर होते," मी म्हटलं.

त्याला बरं वाटलं. मला म्हणाला, असं सांगणारे तुम्ही दुसरे. मी लहान असताना आणखी एक म्हातारे काका घरी यायचे, ते पण हेच म्हणायचे, पण बाबांना ते कधी खरं वाटलं नाही. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो आणि तेवढंच सांगून परत आलो.